वस्तींतील कामें आणि नियोजनाचें शिक्षण



"नियोजन" हा शब्द आपल्या सर्वांच्या कानांवरून इतक्या वेळां गेलेला आहे, कीं त्याचा अर्थ विचारण्याचें धाडस आतां सहसा कोणी करीत नाहीं. कचेऱ्यांत नियोजन असतें, कारखान्यांत असतें, लग्नकार्यांत असतें, आणि गणेशोत्सवाच्या मंडळांतहि असतें. तें शिकविण्याचे वर्गहि आपल्या पुण्यांत पुष्कळ आहेत. बाणेर रस्त्यावरील यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनींत, म्हणजे जिला आपण "यशदा" म्हणतों त्या संस्थेंत, अधिकारी, लोकप्रतिनिधि आणि कार्यकर्ते शिक्षणासाठीं येतात. कित्येक स्वयंसेवी संस्थाहि आपापल्या कार्यकर्त्यांना ही विद्या देतात. उद्दिष्ट कसें लिहावें, कामाचे भाग कसे पाडावे, वेळापत्रक कसें आखावें, खर्च कसा बांधावा, हें सारें तेथें शिकावयास मिळतें. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. असा शिकून आलेला माणूस जेव्हां एखाद्या वस्तीच्या बोळांत उभा राहतो, तेव्हां हातांतील त्या तक्त्यांचा त्यानें उपयोग तरी कसा करावा?

या प्रश्नाला दोन सोपीं उत्तरें देण्यांत येतात, आणि माझ्या मतें तीं दोन्ही अपुरीं आहेत. एक पक्ष म्हणतो, "लोकांचीं कामें लोकांच्या उत्साहानें होतात, तेथें तक्त्यांचें काय काम?" दुसरा पक्ष म्हणतो, "लोकांना नियोजन समजत नाहीं. तें तज्ज्ञांनीं करावें आणि लोकांनीं त्याप्रमाणें चालावें." पहिल्या मार्गानें गेलेलें काम अर्ध्यावर थांबतें. दुसऱ्या मार्गानें गेलेलें काम पुरें होतें, पण वापरांत टिकत नाहीं. नियोजनाची विद्या वस्तीला हवीच आहे; मात्र कामाचा उपयोग ज्यांनीं करावयाचा आणि पुढें तें ज्यांनीं सांभाळावयाचें, त्यांना तो आराखडा वाचतां आला पाहिजे व बदलतां आला पाहिजे. हें केवळ सौजन्य म्हणून मी सांगत नाहीं. नियोजनशास्त्राच्या स्वतःच्या हिशेबानेंहि तेंच बरोबर ठरतें, आणि तें दाखविण्यासाठीं मी पुण्याचेंच एक उदाहरण घेणार आहें.

प्रथम या विद्येचें कूळ पाहूं. ज्या आडव्या पट्ट्यांच्या तक्त्यावर आपण कामाचे आठवडे आंखतों, तो हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याच्या नांवानें ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत त्यानें तो कारखान्यांसाठीं रूढ केला. पुढें १९५७ च्या सुमारास ड्यू पाँ या रसायनें बनविणाऱ्या कंपनींत, आणि १९५८ मध्यें अमेरिकन आरमाराच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामांत, शेंकडों कामांपैकीं कोणतें अडलें असतां सारेंच अडतें हें हुडकून काढण्याच्या पद्धति निघाल्या. १९६९ मध्यें अमेरिकेच्या परदेशी मदतखात्यासाठीं एक चौकटींचा तक्ता तयार झाला. त्यांत हेतु, फळ, काम, साधनें आणि गृहीतें अशीं वेगवेगळीं लिहावीं लागतात. आज जगांतील पुष्कळशा विकासकामांचे अर्ज त्याच चौकटींत भरले जातात.

या कुळाकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. हीं साधनें बहुतांशीं अशा ठिकाणीं जन्मलीं, कीं जेथें कच्चा माल बोलत नाहीं. पोलाद उलट उत्तर देत नाहीं. क्षेपणास्त्राला शेजाऱ्याशीं भांडण नसतें. वस्तीचें काम तसें नाहीं. तेथें ज्याच्यासाठीं काम करावयाचें तोच त्या कामाचा मालक, तोच परीक्षक, आणि उद्यांचा रखवालदारहि तोच.

हा धडा आपल्या देशाला फार लवकर मिळाला होता. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं भारतांत ५५ प्रकल्पांनीं सामूहिक विकासाच्या कार्यक्रमास आरंभ झाला. शेती, रस्ते, आरोग्य, शिक्षण असें सर्व अंगांनीं गांव उभें करावें आणि त्यांत गांवकऱ्यांनीं स्वतः भाग घ्यावा, असा त्याचा संकल्प होता. पांच वर्षांनंतर, १९५७ मध्यें, बळवंतराय मेहता समितीनें त्याची तपासणी केली. कार्यक्रम सरकारी यंत्रणेनें चालविला, पण लोकांच्या ठिकाणीं पुढाकार उत्पन्न झाला नाहीं, अशा आशयाचा निष्कर्ष त्या समितीनें काढला. लोकांनीं निवडलेल्या संस्थांच्या हातीं अधिकार आणि पैसा दिल्यावांचून हें साधणार नाहीं, असेंहि तिनें सांगितलें. त्यांतूनच पंचायत राज्याची तिहेरी रचना आली. महाराष्ट्रांत १९६२ मध्यें जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. खेड्यांसंबंधानें तेव्हां जें कळलें, तें शहरांतील वस्त्यांच्या बाबतींत कळावयास मात्र आणखी कित्येक वर्षें लागलीं.

आतां पुण्याकडे वळूं. विसाव्या शतकाच्या अखेरीस या शहरांत पांचशेंहून अधिक झोपडवस्त्या होत्या, आणि शहराची सुमारे दोन-पंचमांश लोकसंख्या त्यांत राहत होती. घरांत शौचकूप नाहीं, म्हणून सार्वजनिक शौचालय हाच आधार. महानगरपालिका तीं बांधीत असे. पण बांधण्याची रीत ठरलेली होती. अभियंत्यानें नकाशा काढावा, कंत्राटदारानें इमारत उभी करावी, आणि सफाई खात्यानें ती झाडावी. वापरणाऱ्यांना कोणी कांहीं विचारीत नसे. परिणाम असा होई, कीं पाण्याची टाकी अपुरी पडे, दारांच्या कड्या निखळत, मैलावाहिनी तुंबे, आणि कांहीं काळानें त्या इमारतीच्या आसपासहि जाववत नसे. याची सर्वांत मोठी झळ बायकांना लागे. पुरुष कोठेंहि आडोशाला जात. बायका मात्र पहाटेच्या अंधाराची किंवा रात्रीची वाट पाहत. दिवसभर पाणी कमी पिऊन देहाला आवर घालणें, हें आपल्या शहरांतील हजारों स्त्रियांचें नित्याचें दुःख होतें, आणि अनेक ठिकाणीं तें अजून संपलेलें नाहीं.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. त्या जुन्या रीतींत नियोजन नव्हतें असें नाहीं. नकाशा होता, अंदाजपत्रक होतें, मुदत होती. कंत्राटदाराच्या दृष्टीनें काम वेळेवर पुरें झालें, म्हणजे योजना यशस्वी झाली. योजनेचा शेवट कोठें धरावयाचा, याचाच काय तो घोटाळा होता. इमारत उभी राहिली तो शेवट, कीं पांच वर्षांनंतर एखादी म्हातारी बाई तेथें निर्धास्तपणें जाऊं शकते तो शेवट?

१९९९ मध्यें महानगरपालिकेचे तत्कालीन आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनीं ही रीत बदलली. शौचालयें बांधण्यासाठीं त्यांनीं स्वयंसेवी संस्थांकडून निविदा मागविल्या आणि आंखणी, बांधणी व पुढील देखभाल हीं तिन्ही कामें एकाच हातीं सोंपविलीं. महानगरपालिकेनें बांधकामाचा खर्च द्यावा, पाणी व वीज पुरवावी; संस्थेनें वस्तीशीं बोलून नकाशा ठरवावा, इमारत बांधावी आणि ती चालवावी, अशी ही वांटणी होती. १९९२ ते १९९९ या सात वर्षांत या शहरांत अवघीं २२ शौचालयें बांधलीं गेलीं होतीं. १९९९ ते २००१ या अवधींत चारशेंहून अधिक उभीं राहिलीं, आणि त्यांतील बैठकांची संख्या दहा हजारांच्या वर गेली. यांपैकीं ११४ शौचालयांचें काम "स्पार्क" ही संस्था, झोपडवस्त्यांतील रहिवाशांचा राष्ट्रीय महासंघ आणि "महिला मिलन" या तिघांच्या जुटीनें केलें. महिला मिलन हें वस्तींतील बचत करणाऱ्या बायकांच्या गटांचें जाळें आहे. बांधकामाचे हिशेब ठेवणें, माल आणणें, मजूर लावणें, या गोष्टी वस्तींतील बायकांनीं तेथें प्रत्यक्ष काम करतां करतां शिकून घेतल्या.

बायकांशीं बोलणें झालें, तेव्हां नकाशांत काय बदललें तें पाहण्यासारखें आहे. स्त्री-पुरुषांचीं दारें वेगळीं झालीं आणि रांगाहि वेगळ्या झाल्या. पाण्याच्या टाक्या मोठ्या झाल्या. मुलांसाठीं निराळी जागा आली. कारण सकाळच्या घाईंत मोठीं माणसें लहान मुलाला रांगेंतून बाजूला सारतात, आणि मग तें मूल उघड्यावर बसतें, ही गोष्ट कोणत्याहि अभियंत्याच्या पुस्तकांत लिहिलेली नव्हती. ती आयांना ठाऊक होती. वृद्ध आणि अपंग यांच्या सोयीचा विचार झाला. रखवालदाराच्या कुटुंबाला राहण्यासाठीं इमारतींतच खोली ठेवण्यांत आली. त्यामुळें त्याला निवारा मिळाला, वेतनाचा भार हलका झाला, आणि इमारतीला चोवीस तासांचा राखणदार मिळाला.

पैशाचा हिशेबहि असाच घरांतून आला. पैसे देऊन वापरावयाच्या शौचालयांत त्या काळीं एका खेपेस एक रुपया पडे. पांच माणसांच्या घरांत प्रत्येकजण दिवसांतून एकदांच गेला असें धरलें, तरी महिन्याचे १५० रुपये होतात. मोलमजुरी करणाऱ्या घराला हें परवडत नाहीं. मग पुरुष नाल्याकडे जातो, मुलांना गटारावर बसवितात, आणि फक्त बायकांसाठीं रुपया खर्च होतो. त्याऐवजीं कुटुंबामागें महिन्याला २० रुपयांचा पास ठेवला, तर घरांतलीं सगळीं माणसें येऊं शकतात. आणि शंभर घरांनीं पास घेतले तर देखभालीसाठीं दरमहा २,००० रुपयांची निश्चित रक्कम हातीं येते. हा साधा गुणाकार आहे. परंतु तो मांडण्यासाठीं घरांत माणसें किती, मजुरी किती आणि गैरसोय कोण सोसतें, हें ठाऊक असावें लागतें. आंकडे तज्ज्ञाला जुळवितां येतात. कोणते आंकडे जुळवावयाचे तें वस्ती सांगते.

आतां कोणी म्हणेल, "हें सारें खरें, पण घरोघर विचारीत बसलें तर काम केव्हां व्हावयाचें? चर्चेनें दिरंगाई होते." हा आक्षेप आपण नेहमीं ऐकतों, आणि येथेंच नियोजनाचें शिक्षण उपयोगी पडतें. एक काल्पनिक उदाहरण घेऊं. समजा, शौचालयाची जागा ठरली आहे. इमारतीच्या कामापैकीं पायाला ३ आठवडे, भिंती व छपराला ७ आणि फरशी, नळ, दारें यांना ४, असे एकूण १४ आठवडे लागतात. मैलावाहिनीच्या मोजणीला २ आठवडे, रस्ता खोदण्याच्या परवानगीला १० आणि नळ टाकण्याला ६, असे मिळून १८ आठवडे होतात. पाण्याच्या जोडणीला ८ आठवडे लागतात. हीं तिन्ही कामें एकदम सुरू केलीं तर शौचालय केव्हां उघडेल? अर्थात् अठराव्या आठवड्याच्या अखेरीस. कारण सर्वांत लांब वाट मैलावाहिनीची आहे.

आतां एखाद्या उत्साही पुढाऱ्यानें दुप्पट गवंडी लावून इमारत १४ ऐवजीं १० आठवड्यांत उभी केली. तिला रंग दिला, कोनशिला बसविली. पण ती ८ आठवडे कुलूप लावून बंद राहील. गवंड्यांवरील तो जादा खर्च निव्वळ वाया गेला. उलट, जो माणूस परवानगीच्या कागदामागें हिंडून १० चे ८ आठवडे करील, त्यानें साऱ्या कामाचे २ आठवडे वांचविले. नियोजनशास्त्रांत या सर्वांत लांब वाटेला कळीचा मार्ग समजतात; आणि इतर कामांना जी मोकळीक उरते, तिला सवड म्हणतां येईल. आपल्या उदाहरणांत इमारतीच्या कामाला ४ आठवड्यांची सवड आहे. म्हणजे पाया खणण्यापूर्वीं ४ आठवडे वस्तींतील बायकांसमवेत नकाशा घेऊन बसलें, जमिनीवर फक्की मारून खोल्यांची रुंदी दाखविली, त्यांच्या सांगण्यावरून दार या बाजूचें त्या बाजूला केलें, तरी उघडण्याचा दिवस एकाहि दिवसानें पुढें जात नाहीं! चर्चेला वेळ नाहीं असें म्हणणाऱ्यानें आधीं आपला तक्ता नीट मांडून पाहावा. पुष्कळदां वेळ असतो. तो कोठें आहे हें दिसत नसतें, इतकेंच. मात्र एक पथ्य पाळलें पाहिजे. मैलावाहिनीची मोजणी जागेवर अवलंबून असते. म्हणून जागेविषयींची चर्चा सर्वांच्या आधीं संपविली पाहिजे.

परवानगीच्या कागदामागें हिंडण्याचें काम वस्तींतल्या माणसाला जड जातें. कारण खातीं अनेक आणि प्रत्येक खात्याचें दार निराळें. पुण्याच्या त्या कामांत आयुक्तांच्या पुढें दर आठवड्याला बैठक होत असे. अधिकारी आणि संस्थांचे लोक एकत्र बसत, कोठें काय अडलें आहे तें तेथेंच सांगितलें जाई. सर्वांत लांब वाट आंखूड करण्याचा याहून साधा उपाय मला दिसत नाहीं.

दुसरें साधन तें गृहीतांच्या रकान्याचें. चौकटीच्या तक्त्यांत शेवटीं एक रकाना असतो. आपण आपलें काम चोख केलें, तरी फळ मिळण्यासाठीं आपल्या हातांबाहेरच्या कोणत्या गोष्टी घडल्या पाहिजेत, तें त्यांत लिहावयाचें असतें. वर्गांत विद्यार्थी हा रकाना कसाबसा भरतात. अर्ज करणारे तर "लोकांचें सहकार्य मिळेल" एवढें लिहून मोकळे होतात. वस्तुतः योजनेचें मर्म त्याच रकान्यांत आहे. नळाला रोज पाणी येईल, विजेचें बिल कोणीतरी भरील, पास घेणारीं घरें कमी होणार नाहींत, अधिकारी बदलले तरी करार पाळला जाईल, असें आपण मनांतल्या मनांत धरून चालतों. हीं वाक्यें स्वच्छ मराठींत लिहून वस्तीच्या बैठकींत मोठ्यानें वाचावीं. "पाणी रोज येईल" हें वाचतांच एखादी बाई म्हणेल, "आमच्या बाजूला उन्हाळ्यांत दोन दोन दिवस पाणी नसतें." त्या एका वाक्यानें टाकीचें माप बदलतें. गृहीतें तपासण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे वस्तीची बैठक, आणि सर्वांत महाग जागा म्हणजे पुरी झालेली इमारत.

गृहीतें जेथें नजरेनें तपासतां येत नाहींत, तेथें मोजणी करावी लागते. पुण्यांतील कांहीं वास्तुविशारद स्त्रियांनीं १९९३ मध्यें "शेल्टर असोशिएट्स" ही संस्था काढली. तिनें वस्तींतल्या रहिवाशांना बरोबर घेऊन घर न् घर मोजलें आणि वस्त्यांचे नकाशे तयार केले. मैलावाहिनी कोठपर्यंत आली आहे, कोणत्या घराला शौचकूप आहे, कोणत्याला नाहीं, हें नकाशावर दिसूं लागलें, तेव्हां घरोघर शौचकूप कोठें शक्य आहे आणि सार्वजनिक शौचालयावांचून कोठें गत्यंतर नाहीं, याचा निवाडा करतां आला. पुढें या संस्थेनें घरच्या शौचकुपासाठीं लागणारा माल दारांत पोंचवावा आणि बांधण्याची मजुरी त्या कुटुंबानें सोसावी, अशी पद्धति चालविली. ज्यानें आपल्या पदरचा पैसा घातला, तो त्या शौचकुपाची अडगळीची खोली होऊं देत नाहीं. हेंहि नियोजनच आहे. यांत देखभालीचा धनी पहिल्याच दिवशीं ठरून जातो.

पुण्यांतीलच आणखी एक उदाहरण थोडक्यांत सांगतों; कारण त्यांत शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, हा भेदच पुसट होतो. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागांतील कार्यकर्त्या पुण्याच्या कचरा वेचणाऱ्या बायकांत काम करूं लागल्या. घरोघरीं कचरा आधींच वेगळा करून मिळाला, तर उकिरड्यांत हात घालावा लागणार नाहीं आणि मालहि चांगला मिळेल, हें त्या कामांतून स्पष्ट होत गेलें. १९९३ मध्यें डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानें "कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत" स्थापन झाली. पुढें २००० सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनीं शहरांवर घरोघर कचरा गोळा करण्याची जबाबदारी आली, तेव्हां या बायकांच्या अनुभवाला योजनेचें रूप देण्याची वेळ आली. त्यांनीं एकदम सारें शहर अंगावर घेतलें नाहीं. आधीं लहान प्रमाणावर प्रयोग झाला; घरांची संख्या, फेरीला लागणारा वेळ, दरमहाचें शुल्क यांचा अनुभव घेतला; त्यानंतर २००७ मध्यें "स्वच्छ" या सहकारी संस्थेची नोंदणी झाली, आणि २००८ मध्यें महानगरपालिकेशीं करार झाला. कोणत्या गल्लींत ढकलगाडी जाते, कोणत्या इमारतींत किती वाजतां माणूस भेटतो, कोणत्या मालाला काय भाव येतो, हें ज्ञान त्या बायकांपाशीं वर्षानुवर्षें होतें. शिक्षणानें त्याला हिशेबाची आणि कराराची भाषा दिली.

या साऱ्यावरून शिकून आलेल्या कार्यकर्त्यासाठीं चार गोष्टी निघतात. पहिली, योजना शेवटाकडून लिहावी: पांच वर्षांनंतर याची किल्ली कोणाच्या कमरेला असेल, येथून आरंभ करावा. दुसरी, तक्ता वस्तींत सर्वांना दिसेल अशा भिंतीवर लावावा. अक्षरें न वाचणाऱ्यालाहि पट्टीची लांबी कळते, आणि रेंगाळलेलें काम कोणाचें तेंहि कळतें. तिसरी, सर्वांत लांब वाट हुडकून आपली धांवपळ तिच्यावर खर्च करावी, आणि इतरत्र उरलेली सवड लोकांशीं बोलण्यांत घालवावी. चौथी, गृहीतें मोठ्यानें वाचून दाखवावीं.

या विद्येच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. जमीन कोणाच्या मालकीची, वस्ती अधिकृत कीं अनधिकृत, हे तंटे तक्त्यानें सुटत नाहींत. अनुकूल अधिकारी बदलून गेला म्हणजे वेग मंदावतो. चांगल्या रीतीनें बांधलेलीं शौचालयेंहि, पास घेणाऱ्यांची संख्या घटली किंवा रखवालदार निघून गेला म्हणजे, हळूहळू जुन्या कळेवर जातात. नियोजन भविष्याची हमी देत नाहीं. काय बिघडूं शकतें हें तें आधीं सांगतें, आणि बिघडलें असतां कोणाकडे जावयाचें याची नोंद ठेवतें. ज्या वस्तीपाशीं करार, हिशेब आणि तक्ता यांच्या प्रती आहेत, ती नव्या अधिकाऱ्यापुढें रिकाम्या हातानें उभी राहत नाहीं. ज्या वस्तीचा आराखडा कार्यकर्त्याच्या पिशवींतच राहिला, तिचें काम त्या कार्यकर्त्याबरोबरच निघून जातें.

२००६ पासून पुणें महानगरपालिकेनें अंदाजपत्रकासाठीं नागरिकांकडून आपापल्या प्रभागांतील कामें सुचवून घेण्याची प्रथा सुरू केली. पदपथ, दिवे, शौचालयांची दुरुस्ती अशीं लहान लहान कामें कोणालाहि सुचवितां येतात. परंतु नुसतें काम सुचविणें आणि कामाची योजना सुचविणें यांत अंतर आहे. "आमच्या गल्लींत शौचालय हवें" ही मागणी झाली. "जागा ही, मैलावाहिनी इतक्या फुटांवर, घरें इतकीं, पास घेणारीं इतकीं, आणि देखभाल हा गट करील" ही योजना झाली. मागणी कागदाच्या ढिगांत हरवते. योजनेला उत्तर द्यावें लागतें. नियोजनाचें शिक्षण ज्यांनीं घेतलें आहे, त्यांनीं वस्तीच्या मागणीचें योजनेंत रूपांतर करण्यापुरता आपला हात द्यावा, आणि मग तो कागद ज्यांचा आहे त्यांच्या हातीं ठेवावा.